नव्या मधपेट्यांचे पहिले एकवीस दिवस

दिल्लीच्या दक्षिणेस सोहना, नूह, रेवाडी या पट्ट्यात ऑक्टोबरमध्ये मोहरीची पेरणी सुरू होते आणि त्याच सुमारास रात्रीच्या वेळी मधपेट्यांनी भरलेले टेम्पो शेतवाटांवर दिसू लागतात. पेट्या रात्री हलविण्याचे कारण साधे आहे. सूर्यास्तानंतर सर्व माश्या घरी परतलेल्या असतात व पेट्यांची दारे बंद करता येतात. सकाळी दारे उघडली जातात आणि ज्याने आयुष्यात प्रथमच दहा पेट्या घेतल्या आहेत, त्याची काळजी तेथून सुरू होते. माश्या दाराशी गोंधळून घिरट्या घालतात, दुपारी काही मेलेल्या आढळतात, राणी कोठेच दिसत नाही आणि आठवड्याभरात पेटीतील गर्दी ओसरल्यासारखी वाटते. यांपैकी बहुतेक काळज्या निराधार असतात. ज्याची धास्ती घ्यावी ते संकट पुढे, उन्हाळ्या-पावसाळ्यात येते. आणि तेव्हा नवा मधपाळ पहिला मध विकून बहुधा निश्चिंत झालेला असतो.

महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांपुढे मधपेटी म्हटली की महाबळेश्वर परिसरातील सातेरी माशी येते. दिल्लीच्या आसपास पेट्यांतून पाळली जाते ती मुख्यतः युरोपीय वंशाची मेलिफेरा माशी. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातील डॉ. ए. एस. अटवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात, त्या वेळी पंजाबात असलेल्या कांगडा भागातील नगरोटा येथे ती भारतात रुजविली. परदेशी राणी देशी सातेरीच्या वसाहतीत सोडायची आणि देशी कामकऱ्यांकडूनच तिची पहिली पिल्ले वाढवून घ्यायची, अशी ती युक्ती होती. ही माशी सातेरीपेक्षा आकाराने मोठी, मधाचा साठा अधिक करणारी आणि जरा बिनसले की पेटी सोडून जाण्याची खोड पुष्कळ कमी असलेली आहे. म्हणून ‘माश्या उडून जातील’ ही सातेरीच्या बाबतीत रास्त असलेली भीती येथे बरीच हलकी होते. मात्र पेटी आली तिथून ती रोज थोडी सरकवून ‘बरी जागा’ शोधण्याचा मोह टाळावा. माशी आपले घर नव्हे, घराची जागा ध्यानात ठेवते. चार-पाचशे मीटरवर हलविलेल्या पेटीतील माश्या जुन्या जागी परतून तेथेच घोटाळत राहतात. जागा बदलायचीच असेल तर एका वेळी हातभर, नाहीतर एकदम पाच किलोमीटर पलीकडे.

गर्दी ओसरण्याचा हिशेब एकदा समजला की निम्मी काळजी मिटते. राणीने घातलेले अंडे ३ दिवस अंडेच राहते, पुढे सुमारे ६ दिवस अळी असते आणि त्यानंतर १२ दिवस झाकलेल्या कोषात काढून २१व्या दिवशी कामकरी माशी बाहेर पडते. बाहेर पडल्यावरही ती लगेच फुलांवर जात नाही. घर झाडणे, अळ्यांना भरविणे, मेण घडविणे, दारावर पहारा करणे अशी घरातील कामे दोन-तीन आठवडे करून मगच ती मकरंदासाठी बाहेर पडते. कामाच्या हंगामात तिचे एकूण आयुष्य जेमतेम सहा आठवड्यांचे. प्रवासात दमलेल्या म्हाताऱ्या माश्या नव्या जागी आल्यावर रोज मरत असतात. त्यांची जागा घेणाऱ्या अजून अळीच्या अवस्थेत असतात. झाकलेल्या पिल्लांच्या चौकटी भरपूर असलेली वसाहत घेतली असेल तर ही घट फारशी जाणवत नाही. नुकतीच विभागलेली, अंडीच अधिक असलेली वसाहत मात्र पहिले तीन आठवडे रोडावणारच.

याच हिशेबाची दुसरी बाजू व्यवहाराची आहे. आज घातलेल्या अंड्यातून फुलांवर जाणारी माशी तयार व्हायला पाच ते सहा आठवडे लागतात. या भागातील मोहरी डिसेंबरात फुलू लागते व जानेवारीत ऐन भरात असते. त्या बहरावर काम करणारी फौज हवी असेल तर तिची अंडी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेटीत पडलेली असली पाहिजेत. डिसेंबरच्या अखेरीस स्वस्तात मिळाल्या म्हणून घेतलेल्या दुबळ्या पेट्या फुलांच्या शेजारी बसून केवळ स्वतःचे पोट भरतात.

राणी दिसली नाही म्हणून दर दोन दिवसांनी पेटी उघडणारा मधपाळ नकळत आपलेच नुकसान करीत असतो. पिल्लांच्या जागी माश्या सुमारे ३५ अंश तापमान राखतात. दिल्लीच्या डिसेंबरातील सकाळी झाकण काढून चौकट हवेत धरली की ती सारी ऊब निघून जाते. हजारो माश्यांत एक राणी शोधण्याचीही आवश्यकता नसते. ऊन पाठीशी घेऊन चौकट तिरपी धरली असता घरांच्या तळाशी भाताच्या अगदी बारीक कणीसारखी अंडी दिसली, प्रत्येक घरात एक, की राणी तीन दिवसांपूर्वीपर्यंत तेथे होती हे सिद्ध झाले. झाकण पुन्हा लावावे. एका घरात अनेक अंडी, तीही तळाऐवजी भिंतींवर चिकटलेली दिसू लागली, तर मात्र राणी गेली असून कामकरी माश्याच अंडी घालीत आहेत असा संशय घ्यावा. थंडीत आठ-दहा दिवसांतून एकदा, तेही दुपारी ऊन असताना, एवढी तपासणी पुरे.

दुपारच्या उन्हात पंधरा-वीस मिनिटे दारासमोर माश्यांचा घोळका पेटीकडे तोंड करून झुलताना दिसतो. नवखा माणूस ‘मोहोळ फुटले’ म्हणून धावत सुटतो. वस्तुतः त्या प्रथमच बाहेर पडलेल्या तरुण माश्या असतात आणि घराची खूण मनात ठसवीत असतात. याउलट दारावर माश्या एकमेकींशी झुंजत असतील, काही फटींतून आत शिरू पाहत असतील आणि हा प्रकार संध्याकाळपर्यंत थांबत नसेल, तर ती शेजारच्या पेटीने चालविलेली लूट होय. तिला निमंत्रण बहुधा मधपाळानेच दिलेले असते. समभाग साखर-पाण्याचा पाक दुपारी पाजताना पेटीबाहेर सांडला की गंध सर्वदूर जातो. पाक संध्याकाळी द्यावा, थेंब पुसून घ्यावा आणि दुबळ्या पेटीचे दार एक-दोन माश्या जातील इतकेच ठेवावे.

दारापुढे रोज पाच-पन्नास मेलेल्या माश्या आढळणे हे मरणाचे नव्हे, स्वच्छतेचे लक्षण आहे. आतील माश्याच मृतांना ओढून बाहेर टाकतात. पण एकाच दिवसात ढीग पडला आणि पुष्कळांची जीभ बाहेर लोंबत असली, तर जवळपास फवारणी झाली आहे असे समजावे. मोहरीवर मावा पडला की शेतकरी औषध मारतो, आणि ते त्याचे पीक असल्याने त्याला दोष देता येत नाही. पेट्या ठेवण्यापूर्वीच आजूबाजूच्या शेतांत जाऊन, फवारणी माश्या परतल्यावर संध्याकाळी करावी आणि आदल्या दिवशी कळवावे, एवढा शब्द घेणे हा या धंद्यातील स्वस्तातला विमा आहे.

फेब्रुवारीत मोहरीचा मध निघतो आणि थोड्याच दिवसांत बाटलीत तुपासारखा थिजतो. त्यातील ग्लुकोजचे प्रमाण अधिक असल्याने असे होते. शहरी गिऱ्हाईक मात्र साखर घातली म्हणून बाटली परत करते. पुढे मार्च-एप्रिलात सावर, कडुनिंब, जांभूळ अशी झाडे फुलतात. नवी दिल्लीच्या जुन्या रस्त्यांवर कडुनिंब आणि जांभळे मुबलक आहेत. त्यानंतर कठीण काळ सुरू होतो.

मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांकडे झुकतो, फुले संपतात आणि माश्यांचे निम्मे बळ पाणी आणून पेटी गार ठेवण्यात खर्च होते. खडे टाकलेले पाण्याचे पसरट भांडे जवळ नसेल तर त्या शेजाऱ्याच्या कूलरवर जमतात आणि तक्रार मधपाळाच्या दारी येते. सावली, ओले गोणपाट आणि खुले वारे यांनी हे दिवस निभतात. जुलै ते सप्टेंबर याहून वाईट. पावसाने बाहेर पडता येत नाही, आतील साठा संपतो, वेडे राघू तारांवर रांगेने बसून माश्या टिपतात, गांधीलमाश्या दारावर झडप घालतात आणि माश्यांनी न झाकलेल्या पोळ्यांत मेणकिडा शिरतो. व्हरोआ ही कोळीकीड तर डोळ्यांआड काम करते. २००४-०५च्या सुमारास तिने पंजाब व हरियाणातील मधपाळांचे फार मोठे नुकसान केले. तिचा शोध घेण्याची रीत घरगुती आहे. राणी वगळून अर्धा पेला, म्हणजे सुमारे ३०० माश्या बरणीत घ्याव्यात, पिठीसाखर टाकून हलवाव्यात व जाळीच्या झाकणातून साखर पांढऱ्या कागदावर चाळावी. नऊ किंवा अधिक तांबूस किडे पडले, म्हणजे शंभरामागे तीन, तर उपचारास विलंब करू नये. माश्यांचे काही बिघडत नाही. त्या एकमेकींना चाटून स्वच्छ करतात.

मधमाशीपालनासाठी शेतकऱ्याला दिलेले कर्ज अग्रक्रम क्षेत्रात, शेतीसंलग्न उपक्रम म्हणून गणले जाते. हे कर्ज देणाऱ्या शाखेला आणि घेणाऱ्या ग्राहकाला वरील पंचांग सारखेच उपयोगी आहे. जुलैत दरमहाचा हप्ता भरण्यासाठी मधपाळाजवळ विकण्याजोगे काही नसते. उलट त्याच महिन्यात साखरेचा खर्च येतो आणि तो टाळला तर वसाहतच उपाशी मरते. मोहरीचा मध विकल्यावर मोठी फेड आणि पावसाळ्यापुरती साखरेची तरतूद अशी रचना अर्जाच्या वेळीच मागून घेणे दोघांच्याही हिताचे. पाहणीस जाणाऱ्या अधिकाऱ्यानेही पेट्या मोजून परत येऊ नये. तारण पेटीत नसून तिच्यातील जिवांत आहे. किती चौकटी दोन्ही बाजूंनी माश्यांनी झाकलेल्या आहेत, हा आकडा विचारावा.

सप्टेंबरच्या अखेरीस हाच आकडा मधपाळाला एक नावडता निर्णय घ्यायला लावतो. दोन-दोन चौकटींच्या दोन दुबळ्या वसाहती स्वतंत्र ठेवल्या तर दोन्ही जाण्याचा संभव असतो. तेव्हा त्यांतील कमी प्रतीची राणी काढून टाकली जाते, संध्याकाळी एका पेटीवर वर्तमानपत्राचा कागद पसरून दुसरी पेटी तिच्यावर ठेवली जाते. कागद कुरतडला जाईपर्यंत दोन्हीकडचे गंध मिसळतात आणि माश्या न भांडता एकत्र येतात. नोंदवहीत दहाच्या नऊ पेट्या होतात. नोव्हेंबरात त्या नवव्या पेटीत मोहरीसाठी अंडी पडू लागलेली असतात.