ओझर ते दुबई : शाळा निवडतांना

नाशिकहून आग्रा मार्गानें जातां लागणारें बाणगंगेकांठचें ओझर हें एके काळीं शेतीवर जगणारें गांव. इ. स. १९६४ त तेथें लढाऊ विमानांचा कारखाना निघाला, त्याच्या मागोमाग वसाहत उभी राहिली, आणि प्रांतोप्रांतींच्या मुलांस चालेल अशी शाळा हवी, ही मागणी वेशीपाशीं येऊन ठेपली. धंदा बदलला कीं शाळेविषयींची अपेक्षा बदलते, हा नियम इतक्या लहान जागींही दिसून येतो. आज महाराष्ट्रांतील इतर गांवांप्रमाणें येथल्याही घरांतून तरुण नोकरीसाठीं आखातांत जातात, आणि मुलांस कोणत्या शाळेंत घालावें, हा प्रश्न ओझरच्या माजघरांत व दुबईच्या बिऱ्हाडांत एकाच वेळीं विचारला जातो.

खाजगी शिक्षण आपल्याकडे नवें नाहीं. चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनीं १८८० त पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढलें; १८८४ त डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ त फर्ग्युसन कॉलेज निघालें. नाशकास मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ त स्थापन झाला, गोखले एज्युकेशन सोसायटीनें १९२४ त कॉलेज सुरू केलें, आणि डॉ. मुंजे यांची भोंसला सैनिकी शाळा १९३७ त निघाली. या संस्था खाजगी खऱ्या. परंतु त्यांचा पाया लोकवर्गणी व त्याग हा होता. फर्ग्युसनच्या आजीव सभासदांनीं तुटपुंज्या वेतनावर वीस वर्षें शिकविण्याचें व्रत घेतलें होतें. तेथें पालक हा गिऱ्हाईक नव्हता.

पुढें हें चित्र पालटलें. १९८३ त महाराष्ट्रानें विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांस परवानगी दिली, आणि २०१२ च्या कायद्यानें स्वयंअर्थसहाय्यित शाळांची वाट मोकळी झाली. अनुदान नाहीं, तेव्हां इमारतीपासून शिक्षकाच्या पगारापर्यंत बहुतेक खर्च फीमधूनच निघावयाचा. मग पालक मागेल तें शाळा देऊं लागली : बालवर्गापासून इंग्रजी, केंद्रीय अभ्यासक्रम, दाराशीं बस. मागणें वाईट नव्हे. परंतु डोळ्यांस दिसतें तेंच मागितलें जातें. मुलाला वाचलेलें समजतें काय, शिक्षक वर्षानुवर्षें टिकतात काय, हें क्वचितच कोणी विचारतो.

आखातांत हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली आहे. दुबईंत बहुसंख्य रहिवासी परदेशस्थ असल्यामुळें बहुतेक मुलें खाजगी शाळांत शिकतात. भारतीय मंडळींनीं १९६१ त काढलेलें इंडियन हायस्कूल नफ्यासाठीं चालत नाहीं. पण पुढें नफ्यावर चालणाऱ्या शाळांच्या मोठमोठ्या कंपन्या झाल्या. भारतीय, ब्रिटिश, आंतरराष्ट्रीय असे अनेक अभ्यासक्रम शेजारीं शेजारीं मिळतात. भारतीय शाळेची फी सामान्यतः कमी, आणि पुढेंमागें स्वदेशीं परतणें झाल्यास मुलाचें वर्षही वांचतें. म्हणून मध्यम प्राप्तीचा गृहस्थ तिकडेच वळतो. मात्र तेथील दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. २००८ पासून सरकारी खात्यानें खाजगी शाळांची तपासणी करून श्रेणी लावण्यास व अहवाल जाहीर करण्यास सुरुवात केली. आणि परदेशी शाळांतही अरबी भाषा शिकविणें सक्तीचें ठेवलें. आपल्याकडेही २०२० च्या कायद्यानें सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. परंतु कायदा पुस्तक देतो. भाषा घरानेंच द्यावी लागते. आखातांतील मराठी मंडळी सुट्टीच्या दिवशीं मुलांचे मराठीचे वर्ग चालवितात, तें याच जाणिवेनें.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं घरें एकत्र कुटुंबाचीं आहेत, म्हणून एक नाजूक मुद्दा सांगणें अवश्य वाटतें. एकाच घरांत थोरल्या भावाचा मुलगा महागड्या शाळेंत आणि धाकट्याची मुलगी जवळच्या मराठी शाळेंत, आणि फी मात्र सामाईक पैशांतून, असें झालें म्हणजे माजघरांत अबोला शिरतो. मुलें तर तो आपल्या आधीं ओळखतात. शाळा एकच असावी असें नाहीं. पण प्रत्येक मुलामागें, आणि मुलगी म्हणून कमी न लेखतां, काय खर्च करावयाचा हें सर्वांसमक्ष आधींच ठरवावें. ठरवितांना पुढील दहा वर्षांची फी हिशेबांत धरावी, केवळ पहिल्या वर्षाची नव्हे. २०११ च्या फी नियमन कायद्यानें पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीस फीविषयीं बोलण्याचा अधिकार दिला आहे. त्या संघापासून दूर राहून घरीं तक्रार करण्यांत अर्थ नाहीं. तसेंच २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें ज्या मुलांस खाजगी शाळेंत जागा मिळतात, त्यांच्याशेजारीं आपलें मूल बसतें यांत कमीपणा नाहीं, लाभच आहे.

शाळा पाहावयास जातांना इमारत शेवटीं पाहावी. प्रथम एखाद्या तासाला मागच्या बांकावर बसण्याची परवानगी मागावी, ग्रंथालयांतील पुस्तकें वापरून जुनीं झालीं आहेत काय तें पाहावें, आणि वरच्या वर्गांतील चारदोन मुलांशीं बोलावें. आणि शाळा ओझरची असो वा दुबईची, रोज रात्रीं अर्धा तास मुलानें आजीला मराठींत कांहीं वाचून दाखवावें. त्याला फी पडत नाहीं, आणि मूल खरोखर किती शिकलें याची याहून चांगली परीक्षा आम्हांस तरी दुसरी ठाऊक नाहीं.