कृतिसंशोधन : अध्यापनाची पारख

‘चवदार तळ्याचा सत्याग्रह केव्हा झाला?’ या प्रश्नाला आमच्या वर्गातील बहुतेक मुले ‘२० मार्च १९२७’ हे अचूक उत्तर लिहीत. ‘तळे ठरावाने आधीच खुले झाले होते, मग सत्याग्रह का करावा लागला?’ असे विचारताच मात्र वर्ग निःशब्द होई. ती उणीव माझ्या अध्यापनाची होती, हे मान्य करण्यास मला वेळ लागला.

अशा वेळी उपयोगी पडते ते कृतिसंशोधन. कुर्ट लेविन यांनी १९४६ साली अल्पसंख्याकांच्या प्रश्नांच्या संदर्भात ही संकल्पना मांडली. स्टीफन कोरी यांनी १९५३ च्या ग्रंथातून ती शाळेपर्यंत आणली. समस्या नेमकी ठरवणे, कारण शोधणे, उपाय योजणे, निरीक्षणे नोंदवणे आणि परिणाम पडताळणे, हे तिचे टप्पे होत.

मी व्याख्यान आवरते घेतले. १९२३ चा बोले ठराव, १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव आणि १९२७ चा सत्याग्रह यांची कालरेषा मुलांकडून काढून घेतली; ठराव आणि अंमल यांतील अंतरावर गटचर्चा घडवली. प्रत्येक तासाची नोंद ठेवली. पुन्हा तोच प्रश्न दिला, तेव्हा हक्क कागदावर होता, पाण्यावर नव्हता, अशा आशयाचे उत्तर एका विद्यार्थिनीने लिहिले. काही मुले अजूनही अडखळत होती. त्यांच्यासाठी पुढचे आवर्तन सुरू केले.

ऐकीव गोष्ट अनुभवाने पारखून घ्यावी, असे तथागतांनी कालामांना सांगितले. शिक्षकाने हा निकष प्रथम स्वतःच्या अध्यापनाला लावावा.