विद्यार्थिनींसाठी बारा तासांचे शिक्षण

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात महाराष्ट्रातून अनेक विद्यार्थिनी उच्च शिक्षणासाठी अमेरिका व कॅनडाकडे प्रयाण करतात. व्हिसा, शुल्क, निवास, गरम कपडे, शाकाहारी भोजनाची सोय अशी तयारी घरोघरी महिनोन्महिने चालते. मद्य आणि मुलीची सुरक्षितता हा विषय मात्र, विशेषतः ज्या घरांत मद्याला पिढ्यान्‌पिढ्या थारा नाही तेथे, ‘त्या वाटेला जाऊ नकोस’ एवढ्या एका वाक्यात आटोपतो. उपदेश योग्यच आहे. परंतु अनोळखी देशात, नव्या सोबत्यांत वावरणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला तो पुरतो का, याचा विचार पालकांनी अवश्य करावा. तेथील काही विद्यापीठांनी या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आहे आणि त्याचे निष्कर्ष प्रत्येक कुटुंबाला उपयोगी पडतील असे आहेत.

धोका कोठे असतो?

अमेरिकेतील वेन स्टेट विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ अँटोनिया ॲबी यांनी मद्य आणि लैंगिक अत्याचार यांच्या संबंधाचा दीर्घकाळ अभ्यास केला. महाविद्यालयीन विद्यार्थिनींवरील अत्याचारांपैकी साधारण निम्म्या घटनांत अत्याचार करणाऱ्याने, पीडितेने किंवा दोघांनीही मद्य घेतलेले असते, असे त्यांच्या आढाव्यातून दिसून आले. याचाच अर्थ, उरलेल्या घटनांत मद्याचा संबंध नसतो. काही प्रसंगी तर केवळ अत्याचार करणारा नशेत असतो. म्हणून मद्याला स्पर्शही न करणारी मुलगी आपोआप सुरक्षित झाली, असे मानून निर्धास्त राहता येत नाही.

अत्याचार करणारा बहुधा ओळखीचाच असतो : वर्गमित्र, मैत्रिणीचा मित्र, वसतिगृहातील शेजारी. अंधाऱ्या रस्त्यावरील अनोळखी माणसाची भीती मुलींना लहानपणापासून शिकवली जाते. हसतमुख, परिचित माणसाच्या वागण्यातील धोका ओळखण्यास कोणी शिकवत नाही. विद्यापीठातील पहिल्या सत्राचे आरंभीचे आठवडे अधिक जोखमीचे मानले जातात, कारण तेव्हा मुलगी नवखी असते आणि खात्रीची मैत्री अजून जुळलेली नसते.

स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच मद्याने तिच्या रक्तातील मद्यांश पुरुषापेक्षा अधिक वाढतो. अत्याचार करू पाहणारे काही जण याचाच लाभ उठवतात. आग्रहाने पेला भरत राहतात, क्वचित पेयात गुंगीचे औषधही मिसळतात. तरीही अपराध सर्वस्वी अत्याचार करणाऱ्याचाच असतो. मुलीने मद्य घेतले होते, यावरून तिच्याकडे बोट दाखवणे अन्यायाचे आहे.

कॅनडातील प्रयोग

विंडसर विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ चार्लीन सेन यांनी प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनींसाठी प्रत्येकी ३ तासांच्या ४ सत्रांचा, म्हणजे एकूण १२ तासांचा अभ्यासक्रम तयार केला. पहिल्या सत्रात परिचित पुरुषाच्या वागण्यातील धोक्याच्या खुणा पारखण्यास शिकवले जाते. मुलीला एकटे पाडणे, नकार कानाआड करणे, मद्याचा आग्रह धरणे या त्यांपैकी काही खुणा. दुसऱ्या सत्रात मनातील अडसरांचा विचार होतो. ‘त्याला वाईट वाटेल’, ‘लोक काय म्हणतील’ या संकोचापायी धोका दिसत असूनही मुलगी गप्प राहते. तो संकोच ओलांडण्याचा सराव येथे होतो. तिसऱ्या सत्रात ठामपणे बोलण्याचे व शारीरिक प्रतिकाराचे शिक्षण मिळते. चौथ्यात नातेसंबंधांत आपल्याला काय हवे व काय नको, हे स्पष्टपणे ओळखून सांगण्याची तयारी करून घेतली जाते.

कॅनडातील ३ विद्यापीठांतील ८९३ विद्यार्थिनींवर या अभ्यासक्रमाची चाचणी झाली. निम्म्यांना प्रशिक्षण मिळाले, तर उरलेल्यांना केवळ माहितीपत्रके देण्यात आली. २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका वर्षात बलात्काराला बळी पडलेल्यांचे प्रमाण माहितीपत्रके मिळालेल्या गटात ९.८ टक्के, तर प्रशिक्षित गटात ५.२ टक्के होते. बलात्काराच्या प्रयत्नांचे प्रमाणही ९.३ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आले. केवळ कागदावरची माहिती आणि प्रत्यक्ष सराव यांतील अंतर या आकड्यांतून कळून येते.

मद्याविषयी प्रामाणिक संवाद

मद्यपानाच्या बाबतीत सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलन मार्लॅट व त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी वाट धरली. धाक किंवा व्याख्यान देण्याऐवजी ते विद्यार्थ्याला एकट्याला बोलावून निवांत संवाद साधत. तो किती पितो आणि इतर विद्यार्थी खरोखर किती पितात, हे त्याच्यासमोर मांडले जाई. ‘सगळेच पितात’ ही बहुतेकांची समजूत वस्तुस्थितीहून बरीच फुगवलेली निघते. ती दूर झाली की दडपण ओसरते आणि पिण्याचे प्रमाणही घटते. मद्य न घेणाऱ्या मुलीलाही या माहितीचा मोठा आधार होतो. सहलीत वा मेजवानीत नकार देणारी आपण एकटी नाही, हे तिला उमगते.

घराचे दार उघडे असावे

ज्या घरात मद्य पूर्ण वर्ज्य आहे, तेथील मुलीने मित्रांच्या आग्रहाला बळी पडून एकदा पेला उचलला आणि त्याच रात्री तिच्यावर अत्याचार झाला, तर ती ते घरी सांगू शकेल का? बहुधा नाही. पहिला दोष स्वतःचा मानून ती गप्प राहील. या मौनाची किंमत फार मोठी असते. एचआयव्ही संसर्ग टाळण्याचे औषध ७२ तासांच्या आत, तर गर्भधारणा टाळण्याची गोळी ५ दिवसांच्या आत आणि शक्य तितक्या लवकर घ्यावी लागते. गुंगीच्या काही औषधांचे अंश शरीरातून काही तासांतच नाहीसे होतात. अमेरिका व कॅनडात तातडीच्या मदतीसाठी ९११, तर भारतात ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक आहे. भारतीय न्याय संहितेनुसार, नशेमुळे आपण कशाला होकार देत आहोत हे स्त्रीला समजत नसेल, तर तो होकार संमती ठरत नाही.

म्हणून निरोप देण्यापूर्वी माता-पित्यांनी मुलीसोबत शांतपणे बसावे. व्यसनापासून दूर राहण्याचा संस्कार जरूर द्यावा. त्याचबरोबर, ‘काहीही घडले, तुझ्याकडून काहीही चुकले, तरी प्रथम आम्हाला फोन कर, आम्ही आधी तुझी विचारपूस करू,’ हे शब्दही स्पष्ट उच्चारावेत. विद्यापीठात असे प्रशिक्षण असल्यास त्यात नाव नोंदवण्यास सांगावे. घरातील मुलालाही जवळ बसवून नकाराचा मान राखण्याचा धडा द्यावा. तो दिल्यावाचून हे शिक्षण पूर्ण होत नाही. सप्टेंबरात टोरंटोत मध्यरात्र होते तेव्हा महाराष्ट्रात सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. घर जागे असते. मुलीला फोन लावण्याचा धीर व्हावा, एवढी जबाबदारी घराची आहे.