लेकरांचे डोळे (लेखांक ४) : पट्टी चांगल्या डोळ्यावर

न्हाव्याच्या किनाऱ्यावर उभं राहून लेकराला बंदरातल्या क्रेन मोजायला सांगा. दोन्ही डोळ्यांनी ते भराभर मोजेल. आता त्याचा एक डोळा तळहाताने झाका, मग दुसरा. एकाच वेळी ते अडखळलं किंवा हात झटकून रडू लागलं, तर तो हट्ट समजू नका. उघड्या राहिलेल्या डोळ्याने कदाचित त्याला दिसतच नसेल. मूल आपणहून तक्रार करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्यावर त्याचं सगळं भागतं.

गेल्या आठवड्यात दोन डोळ्यांच्या वेगवेगळ्या नंबराविषयी लिहिलं होतं. त्यातूनच पुढे उद्भवतो तो आळशी डोळा. हे नाव मला पटत नाही. डोळा आळस करत नाही. त्याच्याकडून येणारं अंधुक चित्र मेंदूच बाजूला सारतो. ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे मिटून ठेवला. उघडला तेव्हा डोळा धड होता, पण मेंदूतल्या पेशी त्याला जवळजवळ ओळखेनाशा झाल्या होत्या. मोठ्या मांजरांत तसं घडलं नाही. दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं. बालपणातच घाई करायची ती यासाठी.

तिरळेपणा हे दुसरं मोठं कारण. ‘डोळा जरासा तिरका, म्हणजे भाग्याचा’ असं म्हणत वर्षं घालवणारी घरं अजून आहेत. त्या भाग्यापायी लेकराची नजर जाते, याची मला चीड येते.

उपचारात आधी चष्मा. काहींची नजर तेवढ्यानेच सुधारते. नाही सुधारली तर पट्टी, आणि तीही चांगल्या डोळ्यावर! इथे आईचा जीव कासावीस होतो, पण कमजोर डोळ्याला कामाला लावायचं तर दुसऱ्याला विसावा द्यावाच लागतो. पट्टी थेट कातडीवर चिकटवून वर चष्मा घालायचा. नुसती काच झाकली तर मूल फटीतून बघतं. आपल्या दमट हवेत पट्टी सुटते, म्हणून चेहरा कोरडा पुसून पंख्याखाली लावावी. किती तास, ते डॉक्टर ठरवतील. २००३ मधल्या अमेरिकी चाचण्यांत मध्यम दोषाला रोजचे दोन तास सहा तासांइतकेच उपयोगी ठरले, तर तीव्र दोषाला सहा तास दिवसभराइतके.

त्या वेळात मुद्दाम बारीक काम करून घ्यायची गरज नाही. आजीशेजारी बसून सुकट निवडू दे, ओटीवर खेळू दे. पण पट्टी असताना कंटेनरच्या रस्त्यावर किंवा जेट्टीवर एकटं सोडू नका. त्याला तेव्हा खरोखरच कमी दिसतं.

सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. सात-आठ वर्षं उलटली म्हणून आशाही सोडू नका. बारापर्यंतच्या अनेक मुलांची नजर सुधारलेली आहे.

आणि नजर सुधारली की पट्टी एकदम काढून फेकू नका. साधारण चारातल्या एका मुलाची नजर वर्षभरात पुन्हा घसरते. तास हळूहळू कमी करायचे, आणि पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर गणपतीच्या सुट्टीइतक्याच ठळकपणे लिहून ठेवायची.