सेन्सरची बॅटरी कोण खातं? समजून घेऊया सोप्या भाषेत

मागच्या उन्हाळ्यात मी आमच्या डाळिंबाच्या बागेत मातीची ओल मोजणारा सेन्सर लावला. कोड माझाच, त्यामुळे बाबांना छाती ठोकून सांगितलं, "आता मोबाईलवर बघूनच पाणी सोडायचं." दुसऱ्या दिवशी बॅटरी संपलेली! बाबा म्हणाले, "त्यापेक्षा माझं बोट मातीत घालतो, त्याला चार्जिंग लागत नाही."

चूक माझीच होती. सेन्सर सतत वाय-फायवर होता. ईएसपी-३२ ही चिप वाय-फाय चालू असताना साधारण १०० मिलिॲम्पिअर करंट घेते. बॅटरी २००० मिलिॲम्पिअर-तासांची. भागाकार करा: फक्त २० तास. ओल मोजायला वीज किरकोळ लागते, बॅटरी खातो तो रेडिओ. अगदी काहीही न पाठवता नुसतं ऐकत बसला तरी खातो.

उपाय पहिला: झोप. सेन्सर दर ३० मिनिटांनी १० सेकंद जागा होतो, आकडा पाठवतो, परत झोपतो. याला ड्यूटी सायकलिंग म्हणतात. सरासरी करंट येतो ०.५६ मिलिॲम्पिअर, म्हणजे कागदावर जवळपास १५० दिवस! झोपेतला खर्च धरला तर थोडे कमी.

उपाय दुसरा: पाळी. दहा सेन्सर एकदम बोलले तर संदेश एकमेकांवर आदळतात आणि पुन्हा पाठवावे लागतात. म्हणून प्रत्येकाला ठरलेली वेळ द्यायची, कालव्याच्या पाणीपाळीसारखी. हे झालं टीडीएमए.

उपाय तिसरा: गटप्रमुख. लांबवर संदेश पाठवणं महाग पडतं. २००० साली एमआयटीमधल्या वेंडी हाइन्झेलमन आणि सहकाऱ्यांनी 'लीच' हा प्रोटोकॉल मांडला. त्यात सेन्सरचे गट पडतात. गटप्रमुख सगळ्यांचे आकडे गोळा करतो आणि त्यांचा सारांश पुढे पाठवतो. पण त्याचीच बॅटरी लवकर संपणार ना? म्हणून प्रमुख बदलत राहतो. होस्टेलच्या रूमवर पाणी भरायची पाळी असते ना, तसंच.

तुमच्या हातातला फिटनेस बँड कित्येक दिवस चालतो, त्यामागेही हेच आहे: ब्लूटूथ लो एनर्जीचा रेडिओ बहुतेक वेळ झोपलेला असतो.

मी फक्त पहिला उपाय केला, कारण सेन्सर एकच आहे. बॅटरी अजून टिकून आहे. बाबा आता आधी मोबाईल बघतात. मग खात्री करायला मातीत बोट घालतातच!