गावाच्या गोष्टी कादंबरीत आल्या, पण गावात कधी येणार? नव्या कथा-कादंबऱ्यांपैकी काय वाचावं, कुठून मागवावं

शीव कोळीवाडा (मुंबई) : हे नाव गावाकडच्या बऱ्याच घरांत दोन कारणांनी माहीत असतं. एक तर पेशंट घेऊन शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, म्हणजे सगळे ज्याला सायन हॉस्पिटल म्हणतात तिथं जावं लागतं. दुसरं म्हणजे कुणाचा तरी चुलता, नाहीतर मेव्हणा त्या भागात खोली घेऊन राहतो. इथली मूळ वस्ती कोळ्यांची. फाळणीनंतर पंजाबी निर्वासित इथं येऊन राहिले. हार्बर लाइनवरच्या स्टेशनाचं नाव आधी कोळीवाडा होतं, आता ते गुरू तेग बहादूर नगर झालंय.

या भागापासून दादर जवळ आहे, आणि दादर म्हणजे मराठी पुस्तकांची मोठी बाजारपेठ. तरी गावाला येणाऱ्या माणसाच्या पिशवीत मुलांसाठी खाऊ असतो, कपडे असतात, मोबाईलचं कव्हर असतं. पुस्तक क्वचितच असतं. त्याचं कारणही साधं आहे : कोणतं आणायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

'नवं' म्हणजे कोणतं?

गावच्या वाचनालयाचं कपाट उघडलं की 'स्वामी', 'मृत्युंजय', 'छावा' ही पुस्तकं हमखास दिसतात. पुस्तकं चांगलीच आहेत, पण 'स्वामी' १९६२ची, 'मृत्युंजय' १९६७ची आणि 'छावा' १९७९ची. त्यानंतर मराठी कादंबरी बरीच पुढं गेली. आता जत, पन्हाळा, तुळजापूर, सावंतवाडी अशा भागांतली माणसं लिहू लागली आहेत. धरण, दुष्काळ, बंद पडलेला धंदा, शिकून बेकार बसलेला पोरगा हे सगळं त्यांच्या गोष्टींत आहे. त्यांना दिल्लीच्या साहित्य अकादमीचे पुरस्कारही मिळाले. पण ज्या गावांबद्दल ही पुस्तकं आहेत, त्याच गावांतल्या वाचनालयांत ती सहसा सापडत नाहीत.

आपल्याला काय वाचायला आवडतं, त्यानुसार गेल्या काही वर्षांतली ही पुस्तकं बघा.

शेती, धरण आणि उठलेलं गाव

कृष्णात खोत यांची 'रिंगाण'. लेखक पन्हाळा तालुक्यातले. या कादंबरीला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणासाठी गाव उठतं, माणसं दुसरीकडं जातात आणि जनावर मागं राहतं. मागं राहिलेली म्हैस रानात राहून रानटी होते. तिला परत आणायला निघालेल्या माणसाची ही गोष्ट. धरणग्रस्तांच्या गावात वाढलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगायला लागणार नाही. खोत यांची 'गावठाण' ही आधीची कादंबरीही मिळाली तर घ्या.

धंदा आणि रोजगार

देविदास सौदागर यांची 'उसवण'. लेखक तुळजापूरचे, स्वतः शिलाईकाम केलेले. रेडीमेड कपडे आल्यावर गावातल्या टेलरचं काय झालं, हे या छोट्या कादंबरीत आहे. तिला २०२४चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. बाजारपेठेच्या गावात शिलाई मशीन घेऊन बसलेली माणसं दरवर्षी कमी होताना सगळेच बघतात. त्यांच्या घरात काय चालतं, हे इथं वाचायला मिळतं. ज्याला जाड पुस्तक नको, त्यानं इथून सुरुवात करावी.

शिक्षणासाठी झगडणारी पोरं

नवनाथ गोरे यांची 'फेसाटी'. जत तालुक्यातल्या दुष्काळी भागातल्या गरीब घरातला पोरगा शिकण्यासाठी काय काय सोसतो, याची ही कादंबरी. तिला २०१८चा युवा पुरस्कार मिळाला. बोली तिकडचीच आहे, त्यामुळं पहिली काही पानं विदर्भ-खानदेशच्या वाचकाला अडखळायला होईल, नंतर सवय होते.

किरण गुरव यांचं 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' हे कथांचं पुस्तक. खेड्यातला मुलगा शिकायला शहरात जातो तेव्हा त्याच्यात काय बदल होतो, हे त्यात बारकाईनं आलंय. २०२१चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला आहे. वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहून शिकणाऱ्या मुलामुलींना द्यायला हे चांगलं.

मुंबईची गोष्ट

गावातली माणसं ज्या मुंबईत कामाला गेली, ती मुंबई बघायची असेल तर जयंत पवार यांचं 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' वाचा. हा कथासंग्रह अगदी नवा नाही. त्याला २०१२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पवार २०२१ साली गेले. पण लालबाग-परळच्या गिरणगावाचं पुढं काय झालं, हे समजायला याच्याइतकं चांगलं पुस्तक कमी सापडेल. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सातारा, कोल्हापूर आणि कोकणातली कितीतरी घरं त्या संपानंतर बसली. त्या घरांतल्या नातवंडांनी हे वाचायला हवं.

आजच्या शहरी तरुणाचं जग बघायचं असेल तर प्रणव सखदेव यांची 'काळेकरडे स्ट्रोक्स' आहे. तिला २०२१चा युवा पुरस्कार मिळाला. २०२५चा युवा पुरस्कार प्रदीप कोकरे यांच्या 'खोल खोल दुष्काळ डोळे' या कादंबरीला मिळाला आहे.

भीतीच्या गोष्टी

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी ही नावं जुन्या वाचकांना पाठ आहेत. आताच्या लेखकांत हृषीकेश गुप्ते यांची 'हाकामारी' वाचून बघा. रात्री दारावर येऊन हाक मारणाऱ्या बाईची भीती गावोगावी ऐकलेली असते. ज्यांना 'मला वाचनाची सवयच नाही' असं वाटतं, त्यांच्यासाठी भयकथा हा सगळ्यात सोपा रस्ता. पुढं काय होतंय म्हणून पानं आपोआप उलटली जातात.

विज्ञानकथा, आणि शीवचा एक पत्ता

नंदा खरे यांची 'उद्या' ही कादंबरी येणाऱ्या काळाची आहे. माणसाच्या जगण्यावर यंत्रांची आणि कंपन्यांची नजर बसली तर काय होईल, हे तिच्यात आहे. २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला होता, पण खरे यांनी तो घेतला नाही. दिवसभर मोबाईल हातात असणाऱ्यांनी ही वाचायलाच हवी. वाचायला थोडी अवघड आहे, सावकाश वाचावी.

विज्ञानकथेचं एक ठिकाण शीव कोळीवाड्याच्या शेजारीच आहे. हार्बर लाइनवर गुरू तेग बहादूर नगरनंतर कुर्ल्याकडं जाताना पुढचं स्टेशन चुनाभट्टी. तिथं १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन आहे. परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घेते. १९७४ साली या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावानं एक कथा आली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. नंतर कळलं की हे जगताप म्हणजे शास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर. आपलं नाव बघून कुणी बक्षीस देऊ नये म्हणून त्यांनी नाव बदललं होतं. 'कृष्णविवर' ही ती कथा. पुढं 'यक्षांची देणगी'सारखी पुस्तकं आली आणि मराठीत विज्ञानकथेला मोठा वाचक मिळाला. नारळीकर २० मे २०२५ला गेले. गावातल्या लिहिणाऱ्या पोरांनी परिषदेच्या स्पर्धेची माहिती काढून ठेवायला हरकत नाही.

राजकारण आणि समाज

सावंतवाडीचे प्रवीण बांदेकर यांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाचा आधार घेऊन आजच्या समाजाबद्दल बोलते. बाहुल्या कोण नाचवतंय, हा प्रश्न ग्रामपंचायतीच्या निवडणुका बघितलेल्या कुणालाही पडलेला असतोच. या कादंबरीला २०२२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

इतिहासाची कादंबरी वाचताना

फेब्रुवारी २०२५मध्ये 'छावा' सिनेमा आला, तो शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरून. त्यानंतर पुष्कळांनी मूळ पुस्तक शोधलं, हे चांगलंच झालं. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कादंबरीतले संवाद लेखकानं रचलेले असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर कादंबरीतलं वाक्य 'महाराज असं म्हणाले होते' म्हणून फिरतं आणि त्यावरून गावात भांडणं लागतात. कादंबरी मन लावून वाचावी, पण इतिहासाचा पुरावा म्हणून ती पुढं करू नये.

मुलांसाठी

भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' ही मुलांची कादंबरी, २०२४चा साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार मिळालेली. पाचवी ते आठवीच्या मुलांच्या हातात द्यावी. शाळेच्या वार्षिक बक्षिसांत स्टीलच्या डब्याबरोबर असं एखादं पुस्तक दिलं तर खर्च फार वाढत नाही.

निवडायचं कसं?

पुरस्कार म्हणजे सगळं काही नाही, पण सुरुवातीला तो खूण म्हणून उपयोगी पडतो. साहित्य अकादमी दरवर्षी २४ भाषांतल्या पुस्तकांना पुरस्कार देते. मुख्य पुरस्कार एक लाख रुपयांचा, युवा आणि बाल साहित्याचा पन्नास हजारांचा. युवा पुरस्कार ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी असतो, म्हणून नवे लेखक शोधायचे तर ती यादी आधी बघावी. पुरस्कार कविता किंवा समीक्षेच्या पुस्तकालाही मिळतो, त्यामुळं घेण्याआधी पुस्तक कथा-कादंबरीचंच आहे ना, ते विचारून घ्या.

दुकानात गेल्यावर मागचं पान वाचून पुस्तक ठरवू नका, तिथं सगळं गोडच लिहिलेलं असतं. मधलं कोणतंही पान काढून उभ्याउभ्या वाचा. भाषा पटली तर घ्या. आणि घेतलेलं पुस्तक पन्नास पानांनंतरही पकडत नसेल तर बिनधास्त बाजूला ठेवून दुसरं घ्या.

मिळतं कुठं?

शीव किंवा शीव कोळीवाड्यात उतरलेल्या माणसानं मध्य रेल्वेच्या शीव स्टेशनातून गाडी पकडावी. माटुंगा आणि मग दादर, दुसरंच स्टेशन. गुरू तेग बहादूर नगरहून जाणारी हार्बरची गाडी दादरला जात नाही, हे ध्यानात ठेवा. दादर पश्चिमेला स्टेशनाजवळ छबिलदास गल्लीत आयडियल हे मराठी पुस्तकांचं जुनं दुकान आहे. दादर पूर्वेला नायगावच्या बाजूला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ साली स्थापन झालेलं. मुंबईत कायम राहणाऱ्यानं तिथं सभासद व्हावं.

मुंबईला जायची गरज नाही असाही रस्ता आहे. प्रकाशकांच्या वेबसाइटवरून आणि ऑनलाइन दुकानांतून पुस्तकं तालुक्याला पोचतात. डोळ्यांना त्रास होणाऱ्यांसाठी किंवा रात्री पाणी द्यायला जाणाऱ्यांसाठी स्टोरीटेलसारख्या अ‍ॅपवर मराठी कादंबऱ्या ऐकता येतात. ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीनं मराठी ई-पुस्तकं फुकट देतं. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार ४ मे २०१७पासून 'पुस्तकांचं गाव' झालंय. तिथं घराघरांत पुस्तकं ठेवली आहेत आणि बसून फुकट वाचता येतात.

पीडीएफ फॉरवर्ड करण्याआधी

गावातल्या ग्रुपवर नव्या कादंबऱ्यांच्या पीडीएफ फिरतात. फुकट मिळतंय म्हणून आपण पुढं पाठवतो. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं पुस्तकावर हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून 'श्यामची आई' आज कुणीही मोकळेपणानं वाटू शकतो. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणजे 'फकिरा'वर २०२९ संपेपर्यंत हक्क आहे. 'उसवण' किंवा 'रिंगाण'चा तर प्रश्नच नाही.

यात नुसता कायदा नाही. 'फेसाटी'च्या नवनाथ गोरे यांच्यावर अकादमीचा पुरस्कार मिळाल्यानंतरही लॉकडाऊनमध्ये मजुरीला जायची वेळ आली होती, ते वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. मराठी कादंबरीच्या एका आवृत्तीच्या प्रती आधीच कमी निघतात. त्यातल्या शंभर प्रती जरी पीडीएफमुळं खपल्या नाहीत, तरी लेखकाचं आणि प्रकाशकाचं नुकसान होतं. आपल्या मालाला भाव मिळत नाही म्हणून ओरडणाऱ्या शेतकऱ्याला हे लवकर कळावं.

गावच्या वाचनालयात कसं आणायचं?

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा. त्याखाली गावोगावची वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत मान्यता घेऊन सरकारी अनुदानावर चालतात. अनुदानातून पुस्तकंही घेतली जातात. मग कोणती घ्यायची हे ग्रंथपालाला सांगणं वाचकाचं काम आहे. कुणी मागत नाही, म्हणून तीच ती पुस्तकं येतात.

काम अवघड नाही. साध्या कागदावर पुस्तकाचं नाव, लेखक आणि प्रकाशक लिहा. पाच-दहा सभासदांच्या सह्या घ्या आणि ग्रंथपालाकडं द्या. एकदम पंधरा नावं देऊ नका, तीन द्या. जिल्ह्यात ग्रंथोत्सव भरतो, तेव्हा ग्रंथपालाबरोबर एखादा वाचक गेला तर पुस्तकं हाताळून निवडता येतात. आणि मुंबईहून सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यालाही तीच तीन नावं आजच पाठवून ठेवा. यायच्या आदल्या दिवशी त्याला पुन्हा एक फोन करावा लागेल, तेवढी तयारी ठेवा.