मावशी, ही दारूच ना?

वायनरीतल्या टेस्टिंगच्या काउंटरवर आम्ही चौघं मोठी माणसं ओळीने उभी होतो. पुढ्यात इवले इवले घोट ओतलेले ग्लास. शेजारी उंच स्टुलावर माझी नऊ वर्षांची भाची, तिच्या हातात लिंबू सरबत. तिने आमच्या ग्लासांकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, ‘‘मावशी, ही दारूच ना?’’

तिच्या बाबांनी ग्लासात काहीतरी पडल्यासारखं डोकावून पाहिलं. बहीण घाईघाईने म्हणाली, ‘‘नाही गं, द्राक्षाचा ज्यूस आहे.’’

‘‘मग मला का नाही?’’

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. तशी ‘ही दारूच ना?’ या प्रश्नाने आख्ख्या महाराष्ट्राची पंचाईत केलेली आहे. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू की नाही’ यावर टीव्हीच्या चर्चांपासून गावच्या पारापर्यंत भांडणं झाली. एकीकडे द्राक्ष उत्पादकाचा भाव, दुसरीकडे घराघरातली धास्ती. तो वाद मोठ्यांचा, तो चालू राहील. मुलांपुढे मात्र त्यात संदिग्ध काही नाही. वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं आणि आपल्या राज्यात ती प्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. तेव्हा उत्तर एकच, ‘‘हो, दारूच. मोठ्या माणसांची.’’ मी तेच सांगितलं. भाचीने मान डोलावली आणि बाहेर कुत्र्याचं पिल्लू दिसतंय का ते बघायला गेली.

मुलांना घेऊन वायनरीत जावं का, असं आता बरेच जण विचारतात, कारण जाणारे वाढले आहेत. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी वाइन म्हटलं की नारायणगावचं नाव निघे. मग राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ मध्ये आलं, त्याच सुमारास नाशिकच्या सुला वायनरीने पहिली वाइन बाजारात आणली आणि २००५ मध्ये पाहुण्यांसाठी टेस्टिंग रूम उघडली. आज गंगापूर धरणाचा परिसर, दिंडोरी, इगतपुरीकडचा पट्टा, तिकडे खाली अकलूज, सगळीकडे शनिवार-रविवारी गाड्या लागतात. गाड्यांतून आजी-आजोबा उतरतात, बाबागाड्या उतरतात. माझं मत विचाराल तर जावं. फक्त सहल बागेची असावी. ग्लास हा तिचा शेवटचा, सगळ्यात लहान भाग.

यात पहिली चूक होते ती मोसमाची. पावसाळ्यात नाशिक हिरवंगार म्हणून लोक जुलैत जातात आणि मूल विचारतं, ‘‘द्राक्षं कुठायत?’’ नसतातच. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिच्यावर पुढच्या हंगामाची काडी तयार होते. मग पाऊस ओसरताना गोडी छाटणी, तिच्यावर घड येतात. वाइनची द्राक्षं तोडणीला येतात ती साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. शाळेची एखादी सुट्टी गाठून तेव्हा जा. घड लगडलेले असतात, क्रेट भरताना दिसतात, काही ठिकाणी पायांनी द्राक्षं तुडवायला टब ठेवतात. त्यात उतरलेलं मूल लवकर बाहेर येत नाही, म्हणून कपड्यांचा एक जास्तीचा जोड ठेवा.

बागेत शिरलं की मुलांचा हात घडाकडे जाणारच. तो आधी थांबवायचा, कारण फवारणी. इथे सांगण्यासारखी एक झकास गोष्ट आहे. १८८० च्या दशकात फ्रान्सच्या बोर्डो भागातले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळसर पाणी मारत. हेतू एवढाच की येणाजाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींना केवडा रोग लागत नाही. त्यातून पिकांवरचं एक जगप्रसिद्ध बुरशीनाशक जन्माला आलं. आपला नाशिकचा शेतकरी आजही ‘बोर्डो मारला’ म्हणतो तो हाच. थोडक्यात, चोरट्या हातांचे शेतीवर उपकार आहेत.

मग तिथल्या माणसाला विचारून वाइनच्या काळ्या द्राक्षाचे चार मणी मागून घ्या, धुवा आणि बाजारातल्या द्राक्षाशेजारी ठेवा. बाजारातलं टपोरं, पातळ सालीचं, बिनबियांचं. हे बारकं, जाड सालीचं, आत बिया. मुलं नाक मुरडतात. चाखल्यावर चेहरा बदलतो, कारण पिकलेलं वाइनचं द्राक्ष खायच्या द्राक्षापेक्षाही गोड असतं. आता मणी दोन बोटांत चिरडायला सांगा. काळ्या द्राक्षातून रस निघतो तो जवळजवळ पाण्यासारखा! रंग सगळा सालीत. साल रसात मुरू दिली की वाइन लाल, थोडा वेळच ठेवली की गुलाबी, लगेच काढली तर पांढरी. भाचीने हे आईला तीनदा करून दाखवलं.

पुढचं स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने समजतं. पाव फुगवणारं यीस्टच द्राक्षाच्या रसातली साखर खातं आणि अल्कोहोल व वायू तयार करतं. पावातलं अल्कोहोल भट्टीत उडून जातं, वाइनमध्ये राहतं. टाक्यांच्या दालनात मात्र मुलांचा हात धरून ठेवा, कारण रस आंबत असताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी साचतो. गाइड ‘इथे नको’ म्हणाला की नको.

टेस्टिंगच्या वेळी मुलं कंटाळतात, त्यावर आमच्याकडे डब्यांचा खेळ आहे. घरून चार छोट्या डब्यांत मिरी, ढोबळी मिरचीचा काप, पेरू आणि लवंग न्यायची. डोळे मिटून वास ओळखायचा. मोठी माणसं ग्लासात नाक खुपसून जे शोधत असतात तेच हे. शिराझ वाइनला जो मिरीचा वास येतो तो ज्या रसायनामुळे, तेच खऱ्या मिरीत असतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. सोविन्यों ब्लांकमधला हिरवा, ढोबळी मिरचीसारखा वासही ढोबळीत असणाऱ्या रसायनाचाच. या खेळात मुलं आम्हाला हरवतात, आणि त्यासाठी त्यांना ग्लास लागत नाही.

दरवेळी कुणीतरी मामा निघतोच, ‘‘अहो, जीभ ओली केली तर काय होतं? फ्रान्समध्ये लहानपणापासून देतात.’’ त्याच फ्रान्सने १९५६ मध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांना शाळेच्या जेवणात वाइन देणं बंद केलं, हे मामांना ठाऊक नसतं. ‘घरी शिकवली तर बाहेर बिघडत नाहीत’ हाही समज तपासून झालाय. ऑस्ट्रेलियात किशोरवयीन मुलांचा सहा वर्षं मागोवा घेणाऱ्या, २०१८ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये छापून आलेल्या अभ्यासात पालकांनी दारू दिल्याचा कोणताही बचावात्मक फायदा दिसला नाही. उलट अशा मुलांना पुढे इतरांकडूनही दारू मिळण्याचं प्रमाण जास्त निघालं. तेव्हा जीभ कोरडीच राहू द्या.

जाताना सकाळची वेळ धरा. संध्याकाळी गाणी मोठी होतात आणि काही टेबलंही. आधी बाग, मग कारखाना, मग जेवण; टेस्टिंग आळीपाळीने, म्हणजे दोघांतलं एक जण मुलांपाशी राहील. घोट चाखून थुंकायला तिथे भांडं ठेवलेलं असतं, ते वापरायला लाजू नका, जाणकार तेच करतात.

आणि गाडी. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे, पहिल्यांदा सापडलात तर दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पाच-सहा घोटांच्या टेस्टिंगनंतर आपण या रेघेच्या कुठल्या बाजूला आहोत ते कुणालाच नीट कळत नाही. मागच्या सीटवर मुलं झोपलेली असतात. परतताना किल्ली कोणाच्या हातात राहणार ते घरून निघतानाच ठरवा, आणि त्या माणसासाठीही लिंबू सरबतच मागवा.